ऑडिओ गाइडचा धंदा करायचाय? मशीनचं कोटेशन नंतर मागवा

"म्युझियममध्ये कानाला लावायची ती मशीन भाड्याने द्यायचा धंदा कसा आहे?" हा प्रश्न माझ्या बॅचमध्ये अलीकडे सारखा येतोय. कल्पना चांगली आहे. पण बहुतेक जण आधी मशीनचं कोटेशन मागवतात, आणि पैसे तिथेच अडकतात.

ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोबाइलएवढं यंत्र आणि हेडफोन. वस्तूजवळचा नंबर दाबला की तिची माहिती ऐकू येते. 1952 मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमने हे शॉर्टवेव्ह रेडिओवर सुरू केलं, पण तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी एकच ऐकू यायचं. म्हणजे सगळा घोळका एकदमच पुढे सरकायचा! आज माणूस आपल्या मर्जीने थांबतो. गिऱ्हाईक पैसे देतं ते या थांबण्यासाठी.

जोधपूरचा मेहरानगड घ्या. लोहापोळ दरवाजाजवळ भिंतीवर हातांचे छोटे ठसे आहेत, सती गेलेल्या राजस्त्रियांचे. घाईतला पर्यटक तिथून सरळ निघून जातो, पण कानात कोणी सांगितलं की पाय थबकतात. किंवा सॅन फ्रान्सिस्कोजवळचा अल्काट्राझ तुरुंग, 1963 मध्ये बंद झालेला. तिथल्या ऑडिओ टूरमध्ये जुने पहारेकरी आणि जुने कैदी स्वतः बोलतात. एरवी रिकाम्या कोठडीत बघायचं काय? गज आणि भिंती. तिथे लोकांना बांधून ठेवतात ते हे आवाज.

आता गणित करू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला. समजा 30 मशीन, प्रत्येकी 2,500 रुपये. झाले 75,000. कामाच्या 22 दिवसांत रोज 8 मशीन गेल्या आणि सुट्टीच्या 8 दिवसांत सगळ्या 30, तर महिन्याला 416 वेळा भाडं. 50 रुपयांप्रमाणे 20,800. म्युझियमचा वाटा 30 टक्के म्हणजे 6,240 गेले. काउंटरवर बसणाऱ्या मुलाला 12,000. हातात राहिले 2,560! मशीनचेच पैसे सुटायला जवळजवळ अडीच वर्षं, आणि तोपर्यंत बॅटऱ्या मान टाकणार. यात हेडफोनचे कापूस, तुटफूट, अनामत परत देताना होणारी वादावादी धरलेलीच नाही.

म्हणून मी म्हणतो, मजकूर आणि आवाज विका. मशीनचं काम बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाइकाच्या खिशातला मोबाइल करतो. वस्तूजवळ क्यूआर कोड लावला की झालं. (जाड दगडी भिंतीत रेंज मिळत नाही, ते आधी तपासा. आणि आजी-आजोबांसाठी पाच-सहा मशीन ठेवाच.)

मजकूर कसा हवा? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते बघा. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी हे संग्रहालय उभं केलं. अशा वस्तूसमोर "सदर अडकित्ता पितळेचा असून" असं सुरू केलंत तर माणूस पुढच्या कपाटाकडे गेलाच. त्याऐवजी "मुठीकडे बघा, नक्षी कुठे झिजलीय?" असं विचारा. डोळा वस्तूवर खिळला की मग सुपारी, पानाचं तबक, बैठक हे सगळं सांगता येतं. एका वस्तूला एक ते दीड मिनिट पुरे, म्हणजे साधारण दीडशे शब्द. जास्त झालं की लोक हेडफोन गळ्यात टाकतात.

आणि भाषा! इंग्रजी-हिंदीत काम करणारे बरेच आहेत. तुमच्या तालुक्यातलं एखादं छोटं संग्रहालय, जुना वाडा, गडाच्या पायथ्याचं दालन, इथे मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारी म्हातारी बाई जात्याबद्दल सांगू लागली तर स्टुडिओतला भारदस्त आवाज तिच्यापुढे फिका पडेल. तिला मानधन द्या, फुकटात बोलवू नका.

सुरुवात दहा वस्तूंपासून करा. मोबाइलवर, शांत खोलीत, पंखा बंद करून रेकॉर्ड करा आणि तो नमुना घेऊन संग्रहालयाच्या अभिरक्षकांना किंवा ट्रस्टच्या सचिवांना भेटा. तारखा, नावं त्यांच्याकडून तपासून घ्या. चुकीचा इतिहास कानात गेला तर पहिली तक्रार त्यांच्याकडेच येते. काम ठरलं तर पैसे एकरकमी की वर्षाच्या वर्षाला, दुरुस्ती कोण करणार आणि रेकॉर्डिंगची मालकी कोणाची, या तीन गोष्टी सही करण्याआधी कागदावर आणा.