जोंगाच्या गावात उंच गाडीची हौस

पिकअप उचलून घ्यायची, मोठे टायर चढवायचे आणि दगडधोंडे तुडवत निघायचे, ही हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. पण किती इंच उचलायची? टायर कोणते घ्यायचे? आणि कायदा काय म्हणतो? खिशाला चाट लागण्याआधी हे समजून घेतलेले बरे!

जबलपूरच्या सदर बाजाराला लष्करी गाड्यांचे अप्रूप नाही. हा छावणीचाच बाजार. हिरव्या रंगाचा उंचच उंच ट्रक रस्त्याने गेला, तरी इथला दुकानदार गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता मान वर करायचा नाही. जबलपूरने तर एका गाडीला आपले नावच दिले आहे. ती गाडी म्हणजे जोंगा! ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून हा शब्द तयार झाला. मूळ आराखडा जपानच्या निसान कंपनीच्या पेट्रोल या जीपचा. १९६९ साली सुरू झालेल्या जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत ती भारतीय लष्करासाठी तयार होऊ लागली आणि १९९९ पर्यंत होत राहिली. लष्करातून निवृत्त झालेल्या कितीतरी जोंगा पुढे हौशी लोकांनी विकत घेऊन जपल्या. २०१९ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी जोंगा चालवताना दिसला, तेव्हा तर या जुन्या गाडीचे नाव नव्या पिढीच्याही तोंडी झाले.

अशा गावात उंच गाडीची हौस रुजली नाही तरच नवल! त्यात २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली. पुढे पाचजणांनी बसावे, मागे सामान टाकावे आणि चारही चाकांना जोर देऊन कच्च्या वाटेला लागावे, अशी ही चार दारांची पिकअप. ती दारात आली, की चार-सहा महिन्यांत घरात एक संवाद हमखास घडतो.

‘‘बाबा, तीन इंच उचलून घेऊ या. वर मोठे टायर. मग बघा कशी दिसते!’’

‘‘दिसेल रे छान. पण तुझ्या आजीला चढता येणार आहे का तीत?’’

बाबांचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. गाडी उंच करण्यातले निम्मे शहाणपण त्या प्रश्नात आहे. गाडी कोणासाठी आणि कुठे जाण्यासाठी उंच करायची, हे ठरले की बाकीची उत्तरे आपोआप मिळत जातात.

उंची नेमकी कशाची वाढते?

गाडी उंच करण्याचे तीन मार्ग आहेत आणि तिघांचे काम वेगवेगळे आहे.

पहिला मार्ग बॉडी लिफ्टचा. चासी आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवतात. बॉडी वर जाते, चासी जिथल्या तिथे राहते. मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते, पण खालचा दगड गाडीच्या पोटाला पूर्वी लागत होता, तो आताही लागणारच!

दुसरा मार्ग सस्पेन्शन लिफ्टचा. यात पुढे जास्त उंचीचे स्प्रिंग आणि शॉकअप, मागे जास्त कमानीचे पाटे बसवतात. चासी, इंजिन, पेट्रोल-डिझेलची टाकी हे सगळे वर उचलले जाते. खड्ड्यात उतरताना आणि चढावर चढताना पुढचा बंपर जमिनीला घासत नाही. स्वस्तातला प्रकार म्हणजे जुन्याच स्प्रिंगवर लोखंडी चकत्या ठेवणे. त्याने उंची मिळते, पण शॉकअपची खालीवर होण्याची मर्यादा तीच राहते. गाडी उंच दिसते आणि धक्के मात्र जास्त बसतात.

तिसरा मार्ग मोठ्या टायरचा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडच्या पिकअपला मागे अखंड अॅक्सल असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगीर गोळा. कच्च्या वाटेवरचा दगड बहुधा त्यालाच आधी भेटतो. सस्पेन्शन तीन इंच उचला की सहा इंच, तो गोळा तसूभरही वर जात नाही, कारण तो स्प्रिंगच्या खाली, थेट चाकांवर टेकलेला आहे. त्याला वर नेण्याचा एकच उपाय, तो म्हणजे मोठे टायर. म्हणूनच जाणकार आधी टायर ठरवतात आणि तो टायर कुठेही न घासता फिरावा इतकीच गाडी उचलतात. नवखे याच्या बरोबर उलट करतात.

टायरच्या अंगावरचे आकडे

टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे वाचणे फारसे अवघड नाही. समजा, तुमच्या टायरवर २६५/६५ आर १७ असे लिहिले आहे. पहिला आकडा रुंदीचा, २६५ मिलिमीटर. दुसरा सांगतो, की टायरच्या बाजूची उंची या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर आहे. शेवटचा १७ हा रिमचा व्यास, इंचांत. दोन्ही बाजूंची उंची आणि रिम मिळवली, की टायरचा पूर्ण व्यास ७७६ मिलिमीटर भरतो.

आता त्याच रिमवर २८५/७० आर १७ चढवला, तर व्यास होतो ८३१ मिलिमीटर. फरक ५५ मिलिमीटरचा. पण जमिनीपासून अॅक्सलचे अंतर वाढते त्याच्या निम्मेच, सुमारे २७ मिलिमीटर. म्हणजे जेमतेम एक इंच! एवढा खर्च करून पदरात काय पडते, ते हा हिशेब सांगतो.

या एका इंचाची किंमत मात्र गाडी इतर ठिकाणी वसूल करते. जुने चाक एका किलोमीटरला साधारण ४१० फेऱ्या घेत होते, नवे ३८३ घेईल. वेग दाखवणारा काटा फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. तो आधी अचूक असेल, तर आता तो ८० दाखवील तेव्हा गाडी ८५ च्या पुढे धावत असेल. गिअरची ओढ सुमारे सात टक्क्यांनी कमी होते, म्हणजे घाटात एक गिअर खाली उतरावे लागते. ब्रेक तेच, पण त्यांना मोठे आणि जड चाक थांबवायचे आहे, त्यामुळे गाडी थांबायला थोडे जास्त अंतर लागू शकते. डिझेलही जास्त जाते. आणि स्टेपनी? मोठा टायर गाडीखालच्या जागेत मावतो का, हे आधी मोजून पाहायला हवे. चार टायर एका मापाचे आणि पाचवा दुसऱ्या, हे फोर-व्हील गाडीला चालणारे नाही.

काळी माती, वाळू आणि दगड

टायरची जात ठरते ती जमिनीवरून. जबलपूरच्या आसपास तीन-चार तऱ्हांची जमीन भेटते. मदनमहालकडे ग्रॅनाइटचे खडक, नर्मदेच्या काठी वाळू आणि शेतांमधून काळी माती. पावसाळ्यातली काळी माती म्हणजे चिकट पिठाचा गोळाच. टायरच्या नक्षीत ती भरून बसली, की चाक जागच्या जागी गरगरते.

चिखलासाठीच्या, म्हणजे मड टेरेन टायरची नक्षी मोठ्या ठोकळ्यांची आणि रुंद फटींची असते. चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. पण डांबरी रस्त्यावर हाच टायर घोंगावतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते. ऑल टेरेन टायर मधला. महिन्यातले पंचवीस दिवस शाळा, बाजार, नोकरी आणि दोन-चार दिवस कच्चा रस्ता, असा ज्यांचा वापर आहे, त्यांनी हाच निवडावा. घेताना भार पेलण्याचा आकडाही पाहावा. ११२ असेल, तर तो एक टायर १,१२० किलो पेलू शकतो. नवा टायर गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा कमी भाराचा नसावा. शेवटी चार आकड्यांची तारीखही वाचावी. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय? हवा! वाळूत अडकणाऱ्या टायरची हवा ३५ पौंडांवरून २० च्या आसपास आणली, की टायर पसरतो, जमिनीवर त्याची जास्त जागा टेकते आणि गाडी सुटते. मात्र गाडी हळू चालवायची आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, म्हणून सोबत छोटा पंप हवाच. अनेकदा हजारो रुपयांचे लिफ्ट किट जे काम करील असे वाटते, ते हा पंप करून दाखवतो.

उंच गेले की तोल गेला

गाडी किती सहज उलटेल, हे ढोबळपणे दोन मापांवरून कळते. दोन चाकांमधील रुंदीचे निम्मे अंतर आणि गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची. समजा, निम्मी रुंदी ७५० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्यही ७५० मिलिमीटरवर आहे. गुणोत्तर आले एक. आता गाडी तीन इंच, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर उचलली, की तेच गुणोत्तर ०.९१ वर उतरते. वळणावर समोर अचानक म्हैस आली आणि स्टीअरिंग झटक्यात फिरवावे लागले, तर हे नऊ टक्केच कामी आले असते! त्यातच टपावर कॅरिअर आणि कॅरिअरवर सामान असेल, तर विचारायलाच नको.

पुढच्या चाकांचे प्रश्न निराळे. आजच्या बहुतेक पिकअपच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असते. साधारण दोन इंचांच्या पुढे उचलले, की चाकांना जोर देणाऱ्या शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरू लागतात, रबरी बूट फाटतात, बॉल जॉइंट लवकर झिजतात. म्हणून दोन इंचांवर थांबणे आणि नंतर अलाइनमेंट करून घेणे शहाणपणाचे. हेडलाइटही खाली वळवून घ्यावेत, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणी पुस्तिकेतला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दंडापेक्षा मोठा फटका विम्याचा. अपघातानंतर कंपनीला न कळवलेला बदल आढळला, तर नुकसानभरपाईवरून वाद उभा राहतो आणि त्याची झळ अख्ख्या घराला बसते.

त्यामुळे सुरक्षित वाट अशी : उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी मंजूर केलेल्या मापातला चांगला ऑल टेरेन टायर घ्यावा. जीर्ण झालेले पाटे आणि शॉकअप बदलताना कंपनीच्याच मापाचे, पण दमदार घ्यावेत. त्यापुढे जायचे असेल, तर आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी लेखी विचारावे आणि उत्तर हातात पडल्यावरच मिस्त्रीच्या दारात गाडी न्यावी. ‘सगळेच करतात, काही होत नाही,’ हे वाक्य कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही!

जोंगाकडे पाहून तिची उंचीच तेवढी डोळ्यांत भरते. पण ती उंची कोणी मागाहून चढवलेली नव्हती. पुढे-मागे अखंड अॅक्सल, चारही चाकांना पाटे, त्या वजनाला साजेसे ब्रेक आणि गिअर, असे सगळे गणित कारखान्यातच एकत्र मांडलेले होते. एक आकडा बदलला की बाकीचेही बदलावे लागतात, हे तिथल्या कामगाराला ठाऊक होते. नव्या पिकअपच्या हौशी मालकाने तेवढे लक्षात ठेवले, तर खर्च वाचेल आणि आजीलाही मागच्या सीटवर स्टूल न घेता चढता येईल.