लायसन्सची तारीख सांभाळा, झेरॉक्सही सांभाळा

बिडकीनहून पैठण रोडने शहरात माल नेणारे आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव स्वतःच टेम्पो चालवतात. लायसन्स खिशात असते. पण त्यावरची तारीख पोलिसाने हात केल्यावरच पाहिली जाते. कायदा बदलला आहे, म्हणून दोन गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट मुदतीची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मुदत संपल्यावरही लायसन्स ३० दिवस चालत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत गेली. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंडही ५०० वरून ५,००० रुपये झाला. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो. मुदत संपून वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी ५ वर्षांची सूट होती. दिलासाही आहे. व्यावसायिक लायसन्सची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली आणि त्यासाठीची आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की, हलक्या वाहनाचे लायसन्स असणाऱ्याला ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचा मालवाहू टेम्पो चालवता येतो. केवळ वेगळी नोंद नाही म्हणून विमा कंपनी अशा अपघाताचा दावा नाकारू शकत नाही. मात्र ई-रिक्षा व धोकादायक मालाच्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट माहितीची. आपले नाव, पत्ता, जन्मतारीख 'सारथी' या सरकारी संगणक नोंदीत असते. गाडीची माहिती 'वाहन' मध्ये. या नोंदी ८७ खासगी व ३२ सरकारी संस्थांना खुल्या करून ६५ कोटी रुपये मिळाल्याचे केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितले. माहितीचा गैरवापर होईल या चिंतेमुळे ही माहिती घाऊक देण्याचे धोरण जून २०२० मध्ये रद्द झाले. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले.

पण कायद्याआधी आपली खबरदारी हवी. कर्ज किंवा गाळ्याच्या करारासाठी झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारून काम व तारीख लिहावी. अनोळखी माणसाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवू नये. तपासणीत डिजिलॉकरमधील लायसन्स चालते.

आज दुकान बंद करण्यापूर्वी लायसन्स काढून तारीख पाहावी, एवढीच आमची विनंती.