जुन्या गाडीला मोठे ड्रम ब्रेक बसवताय? आधी हे वाचा

घरातली जुनी गाडी विकायला मन होत नाही. कर्जाचे हप्ते केव्हाच फिटलेले असतात, इंजिन ठणठणीत असते आणि मुलांना क्लासला सोडायला, बाजारहाट करायला ती पुरेशी असते. तक्रार एकच, ब्रेक पूर्वीसारखे लागत नाहीत. अशा वेळी गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो, ‘‘मागचे ड्रम काढून मोठ्या मॉडेलचे बसवू, ब्रेक एकदम कडक होतील.’’ जुन्या बाजारातले ड्रम स्वस्तात मिळतात, त्यामुळे सल्ला पटतोही. पण होकार देण्याआधी थोडे थांबा. मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोरदार झाला, तर गाडी लवकर थांबण्याऐवजी रस्त्यातच गोल फिरू शकते.

ड्रमच्या आत काय घडते?

मारुती 800सारख्या गाड्यांमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू असतात आणि त्यांवर लायनर चिकटवलेले असते. तुम्ही पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने व्हील सिलिंडर हे दोन्ही शू बाहेर ढकलतो. लायनर ड्रमच्या आतल्या बाजूला घासते आणि चाकाचा वेग कमी होतो. या घर्षणातून उष्णता तयार होते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल खाली जाऊ लागते. मोठा ड्रम जास्त उष्णता सामावून घेतो, हा त्याचा खरा फायदा आहे.

मागच्या चाकांवर जास्त जोर का नको?

ब्रेक लावला की गाडीचे नाक खाली झुकते. त्या क्षणी वजन पुढच्या चाकांवर जाते आणि मागची चाके हलकी होतात. म्हणूनच गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात आणि मागच्या ब्रेकची ताकद कंपनीने मुद्दाम कमी ठेवलेली असते.

पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी साधारण सरळ घसरत जाते. पेडल थोडे सोडले की स्टिअरिंग पुन्हा काम करू लागते. मागची चाके आधी जाम झाली तर मात्र गाडीची शेपटी बाजूला सरकते. पावसाळी रस्त्यावर हे इतक्या झटपट होते की सराईत चालकालाही गाडी सावरणे कठीण जाते.

आता थोडा हिशेब पाहू. 180 मिलिमीटरच्या ड्रमऐवजी 200 मिलिमीटरचा बसवला, तर त्याच दाबाला ब्रेकची ताकद सुमारे 11 टक्के वाढते. सोबत व्हील सिलिंडर 17.5ऐवजी 19 मिलिमीटरचा आला, तर आणखी 18 टक्क्यांची भर पडते. दोन्ही मिळून मागचा जोर जवळपास 30 टक्क्यांनी वाढतो, पुढचा मात्र तेवढाच राहतो. कंपनीने राखलेला समतोल इथेच बिघडतो.

शेवटी गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. कोरड्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटर वेगात ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत साधारण 20 मीटर अंतर लागते, 80च्या वेगात ते 36 मीटरच्या आसपास जाते. टायर गुळगुळीत झाले असतील तर मोठे ड्रमही हे अंतर कमी करू शकत नाहीत.

आधी आहे तेच ठीक करा

बहुतेक जुन्या गाड्यांचे ड्रम लहान नसतात, दुर्लक्षित असतात. म्हणून आधी हे तपासून घ्या :

• लायनर किती उरले आहे? शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला.

• ड्रमला आतून खाच पडली आहे का? लेथवर टर्निंग करता येते, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल मापापलीकडे नाही.

• व्हील सिलिंडरमधून ऑइल झिरपते का? ऑइल लागलेले लायनर फेकूनच द्यावे लागते.

• ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? ते हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 प्रकारचे नवे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. दर 2 वर्षांनी ते बदलणे चांगले.

• शू आणि ड्रममधले अंतर, म्हणजेच अॅडजस्टमेंट बरोबर आहे का? पेडल खोल जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसायला सांगा आणि त्या वेळी मुलांना दूर ठेवा.

बदलायचेच असतील तर

मूळ ड्रम बाजारात मिळेनासे झाले असतील किंवा त्याच अॅक्सलवर कंपनीनेच दुसऱ्या मॉडेलला मोठे ड्रम दिले असतील, तर बदल करता येतो. मात्र नुसता ड्रम बदलून भागत नाही. बॅकप्लेट, शू, स्प्रिंग, व्हील सिलिंडर आणि हँडब्रेकची केबल असा पूर्ण जुळणारा संच लागतो. चाकाच्या बोल्टचे अंतर जुळते का, रिम ड्रमला घासत नाही ना, ब्रेक पाइपचे आटे बसतात का, हे जोडणीआधीच पाहून घ्या. व्हील सिलिंडर शक्यतो मूळ मापाचाच ठेवा. मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह गाडीत असेल, तर तो बायपास करू देऊ नका.

काम झाल्यावर पाइपमधली हवा पूर्ण काढून घ्या. मग मेकॅनिकला मोकळ्या मैदानात कमी वेगाने चाचणी घ्यायला सांगा आणि तुम्ही बाहेर उभे राहून चाकांकडे लक्ष द्या. मागची चाके आधी जाम होत असतील, तर गाडी घरी नेऊ नका.

मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत, तसेच 15 वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होते. त्यामुळे काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्या, बिले जपून ठेवा.

मागच्या सीटवर तुमची मुले आणि सासूबाई बसणार आहेत. त्यांच्यासाठी ब्रेक कडक असण्यापेक्षा चारही चाकांना नेमून दिलेल्या प्रमाणात लागणे जास्त महत्त्वाचे आहे. म्हणून या वेळी मेकॅनिककडे मोठे ड्रम मागू नका, आधी आहेत तेच ड्रम उघडून तुमच्यासमोर दाखवायला सांगा.