पॅकेज मॅनेजरविना ‘टेलविंड’

नागोठणे आणि रोहा यांच्यामधील निडीसारख्या गावात, मोबाइलच्या मोजक्या डेटावर संकेतस्थळरचना शिकणारा एखादा विद्यार्थी ‘टेलविंड’पाशी अडखळू शकतो. टेलविंड म्हणजे रंग, अंतर, अक्षरांचा आकार यांसाठी तयार नावे पुरविणारा सीएसएसचा संच. ही असंख्य नावे पाठ करावी लागू नयेत, म्हणून ‘व्हीएस कोड’ या संपादकात ‘इंटेलिसेन्स’ हे मोफत एक्स्टेन्शन आहे. टंकलेखन सुरू होताच ते योग्य नाव सुचविते. मात्र त्यासाठी ‘नोड’ आणि ‘एनपीएम’ हा पॅकेज मॅनेजर हवाच, असा अनेकांचा समज असतो.

तो खरा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये निर्मात्यांनी टेलविंड एकाच स्वतंत्र फाइलच्या रूपात उपलब्ध केले. ती एकदा उतरवून घेतली की पुढील काम इंटरनेटविनाही चालते.

तरीही सूचना दिसत नसतील, तर बहुधा एक्स्टेन्शनला हवी असलेली खूण सापडलेली नसते. तिसऱ्या आवृत्तीत ही खूण म्हणजे ‘टेलविंड डॉट कॉन्फिग डॉट जेएस’ ही फाइल. जानेवारी २०२५ मधील चौथ्या आवृत्तीत ती सीएसएस फाइलमधील टेलविंड आयात करणारी ओळ असते. पानावर केवळ सीडीएनचा दुवा देऊन भागत नाही. संपादकात सुटी फाइल न उघडता प्रकल्पाचा संपूर्ण फोल्डर उघडावा.

अर्थात, या मार्गाने नवी आवृत्ती स्वतःच उतरवावी लागते आणि इतरांनी बनविलेल्या प्लगइनसाठी बहुधा एनपीएमकडे वळावे लागते. शिकण्याचा आरंभ मात्र त्यावाचून अडत नाही.