डोळे मिटा, आता उघडा

ईईजी काढायला जायचं असेल तर आधी सांगितलं जातं, डोकं धुऊन या, केसांना तेल लावू नका. मग टाळूवर तारा चिकटवतात आणि तंत्रज्ञ म्हणतो, "डोळे मिटा. आता उघडा." मिटले की डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला साधारण दहा लाटा उमटतात, उघडले की त्या विरतात. माणसाच्या मेंदूतल्या अशा विजेच्या लाटांची पहिली नोंद झाली त्याला आता शंभर वर्षं उलटून गेली. ती करणारा मात्र शोधत होता भलतंच काही.

हान्स बर्गर तरुणपणी लष्करी सेवेत असताना घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली. भाऊ संकटात आहे, असं दूर असलेल्या बहिणीला वाटलं होतं. बर्गरला हा योगायोग वाटला नाही. एका मनातून दुसऱ्या मनात काहीतरी जातं, ते मोजायचंच, या ध्यासाने तो वैद्यकाकडे वळला.

लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ मध्येच ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर वीजप्रवाह टिपले होते. माणसाची पाळी आली ती ६ जुलै १९२४ रोजी, जर्मनीतल्या येना इथे, सतरा वर्षांच्या एका मुलावरच्या शस्त्रक्रियेत. बर्गरने पुढची पाच वर्षं स्वतःच्याच नोंदींवर संशय घेतला आणि १९२९ मध्ये निबंध छापला. तरीही फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी त्या लाटा पुन्हा दाखवल्या, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. मनातून मनात जाणारं काही सापडलं नाही, पण फेफऱ्याचं निदान करणारं साधन हाती आलं. बसल्या बसल्या मूल काही क्षण हरवतं, त्या झटक्यात सेकंदाला तीन लाटा उठतात, हे १९३५ मध्ये हार्वर्डमध्ये दिसलं.

ईईजी 'केव्हा' हे अचूक सांगतो, 'कुठे' हे मोघम. साध्या क्ष-किरणांत कवटी दिसते, मेंदू नाही. म्हणून वॉल्टर डँडीने १९१९ मध्ये पाठीच्या कण्यातून हवा सोडून मेंदूतल्या पोकळ्यांचं चित्र काढलं. रोग्याला भयंकर डोकेदुखी आणि उलट्या होत, तरी ही पद्धत पुढे अर्धशतक टिकली. तिच्यातून सुटका केली ती बीटल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि संशय होता ती गाठ दिसली. कवटी न उघडता, हवा न भरता.

पुढे चुंबकाने मेंदूचं चित्र काढणारं एमआरआय आलं. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकक्षेत्रात वेगळं वागतं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त धावतं, आणि ते टिपता येतं. हेच एफएमआरआय. पण रक्ताला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. विचार तोवर पुढे गेलेला असतो. पडद्यावरचे लाल-पिवळे ठिपके हा संख्याशास्त्राचा हिशेब असतो, फोटो नव्हे. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रं दाखवली. हिशेबात नेहमीची दुरुस्ती गाळली, तर मेलेल्या माशाचा मेंदूही 'उजळला'.

बर्गरचा जुना मोह मात्र सुटला नव्हता. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना ईईजीवर आधारलेल्या चाचणीचाही आधार घेतला. गुन्ह्याची वाक्यं ऐकवायची आणि ती 'अनुभवलेली आठवण' आहे का हे लाटांवरून ठरवायचं, अशी ती चाचणी. दहा लाटांवरून सुरू झालेली गोष्ट थेट जन्मठेपेपर्यंत आली होती.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी या दुसऱ्या एका खटल्यात निकाल दिला: संमतीशिवाय अशी चाचणी कुणावरही करता येणार नाही, आणि संमती असली तरी तिचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा ठरणार नाही.