मेगरचे काम मल्टीमीटरकडून

पावसाळाभर बंद असलेली विहिरीवरची मोटार सुरू करण्याआधी तिचे इन्शुलेशन तपासायला हवे. साधा मल्टीमीटर त्यासाठी पुरत नाही. ओहम मोजताना तो जेमतेम काही व्होल्टचा दाब देतो. कमजोर झालेले वायंडिंग तेवढ्याला सहज तग धरते. ट्यूब फुगवल्याशिवाय बारीक पंक्चर सापडत नाही, तसेच हे. वायरमनचा सिरीज बल्बही तोकडा पडतो. इन्शुलेशन 1 मेगओहमवर घसरले, तरी 230 व्होल्टला पाव मिलिअँपिअरही प्रवाह वाहत नाही आणि बल्ब मिणमिणतसुद्धा नाही.

इन्शुलेशन तपासण्याचे खास उपकरण म्हणजे मेगर. तो 500 व्होल्ट डीसी देतो. तेवढा दाब 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या बूस्ट सर्किटमधून किंवा डायोड-कपॅसिटरच्या शिडीतून घरीही मिळतो. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी 1932 साली केंब्रिजमध्ये लिथियमचे अणुकेंद्र फोडले, ते याच शिडीच्या जोरावर. त्यापुढे 500 व्होल्ट म्हणजे काहीच नाही. खरी कसोटी प्रवाहाला लगाम घालण्याची आहे, आणि तिथेच स्वस्त डिजिटल मल्टीमीटर कामाला येतो. व्होल्टच्या रेंजवर बहुतेक मीटरचा स्वतःचा रोध 10 मेगओहम असतो. तो मोटारीच्या सिरीजमध्ये जोडायचा, सोबत 1 मेगओहमचे चार रेझिस्टर. एकच लावू नये. पाव वॉटचा साधा रेझिस्टर साधारण 250 व्होल्टपर्यंतच टिकतो. आता 5000 ला मीटरवरच्या व्होल्टनी भागून 14 वजा केले की उत्तर मेगओहममध्ये मिळते. 44 व्होल्ट दिसले तर सुमारे 100 मेगओहम, म्हणजे मोटार ठणठणीत. 333 दिसले तर जेमतेम 1. ती वाळवल्याशिवाय चालवू नये. मीटर चुकून अँपिअरच्या रेंजवर राहिला, तरी ते चार रेझिस्टर प्रवाह 125 मायक्रोअँपिअरवर रोखतात. माझ्या मते या सर्किटचा सगळ्यात मोलाचा भाग हे चार रेझिस्टरच.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर किंवा घरचा मेन्स वापरून असले उपकरण कधीही करू नका. त्याने जीव जातो. तपासणीआधी फ्यूज काढा, स्टार्टर आणि कपॅसिटर सोडवा. तपासणीनंतर वायंडिंग रेझिस्टरमधून बॉडीला जोडून डिस्चार्ज करा, कारण लांब केबल बराच वेळ भार धरून ठेवते. घरच्या या मेगरने मोटारीची ओल वेळेवर कळेल. मात्र नव्या वायरिंगचा दाखला प्रमाणित मेगरवरच घ्या.