प्रेषित-संदेष्टा चळवळी, आधुनिक
प्रेषित आणि संदेष्टा ही आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतील दोन पदे आजही चालू असून ती आपल्या नेत्यांना ईश्वराकडून प्राप्त झाली आहेत, असा दावा करणाऱ्या चळवळी. त्यांच्यावरील सर्वांत कठोर टीका ख्रिस्ती धर्मपंडितांनीच केली असून तीत चमत्कार व भाकिते मानणाऱ्या पंथांचाही वाटा मोठा आहे.

मराठीत ‘प्रेषित’ हा शब्द इस्लाममधील पैगंबर या अर्थीही रूढ असल्याने घोटाळा संभवतो. ख्रिस्ती परिभाषेत ‘प्रेषित’ म्हणजे येशूने पाठविलेला, त्याच्या पुनरुत्थानाचा साक्षीदार. ‘संदेष्टा’ म्हणजे ईश्वराचा संदेश त्याच्या नावाने सांगणारा. बारा शिष्य व पौल हे प्रमुख प्रेषित होत.

वादाचे मूळ नव्या करारातील इफिसकरांस पत्रात आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित व संदेष्टे यांना मंडळीचा पाया म्हटले आहे, तर चौथ्या अध्यायात मंडळीच्या वाढीसाठी दिलेल्या सेवकांत त्यांची गणना केली आहे. टीकाकार पहिल्या उल्लेखावर भर देतात : पाया एकदाच घातला जातो, प्रत्येक मजल्यावर नव्याने नाही. दावेदार दुसऱ्या उल्लेखाचा आधार घेतात. दोन्ही पक्षांना अडचणीची वचने आहेतच. संदेशांना तुच्छ लेखू नये, पण सर्वांची पारख करावी, असे पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस कळविले होते. त्यामुळे दान आहे की नाही, यापेक्षा त्याची पारख कोणी व कशी करावयाची, हाच प्रश्न खरा कळीचा ठरतो.

तो फार जुना आहे. ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती नियमग्रंथात फिरत्या प्रेषितांविषयी अगदी व्यवहारी कसोट्या दिल्या आहेत : पाहुणा प्रेषित एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील, तीन दिवस राहिला अथवा पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा. दुसऱ्या शतकात फ्रिजियामध्ये माँटेनस व त्याच्या दोन सहकारी स्त्रिया, प्रिस्किला आणि मॅक्सिमिला, यांनी पवित्र आत्मा आपल्या मुखाने बोलतो असे जाहीर केले व अखेर त्यांचा पंथ पाखंडी ठरला. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड अर्व्हिंग (१७९२–१८३४) याच्या लंडनमधील अनुयायांतून ‘कॅथलिक अपॉस्टॉलिक चर्च’ उदयास आले आणि १८३५ पर्यंत त्यात बारा प्रेषित नेमले गेले. अर्व्हिंग स्वतः त्यांत नव्हता. ख्रिस्त लवकरच परत येईल या श्रद्धेने उत्तराधिकाऱ्यांची सोयच केलेली नव्हती. शेवटचा प्रेषित १९०१ मध्ये वारला आणि दीक्षाविधी बंद पडून हा पंथ क्षीण होत गेला.

विसाव्या शतकातील पेंटेकॉस्टल चळवळीतून हा दावा पुन्हा पुढे आला. कॅनडात १९४८ मध्ये ‘लॅटर रेन’ चळवळ सुरू झाली. पुढील वर्षी, १९४९ मध्ये, ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या अमेरिकेतील मोठ्या पेंटेकॉस्टल संघटनेने, हयात प्रेषित व संदेष्टे हा मंडळीचा पाया आहे, ही शिकवण चुकीची ठरविली. सी. पीटर वॅग्नर (१९३०–२०१६) याने पुढे अशा स्वतंत्र मंडळ्यांच्या जाळ्याला ‘नवी प्रेषितीय सुधारणा’ हे नाव दिले. दुसरे प्रेषितयुग २००१ मध्ये सुरू झाले, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी असेंब्लीज ऑफ गॉडने प्रेषितासारखे कार्य मान्य, परंतु पद अमान्य, अशी भूमिका पुन्हा मांडली.

टीकेचा रोख प्रामुख्याने अधिकारावर आहे. प्रेषिताचा शब्द ईश्वराचा मानला, की त्याला प्रश्न विचारणे हाच अविश्वास ठरतो. निवडलेल्या वडीलमंडळाचे नियंत्रण सुटते, आणि द्रव्य, विवाह, औषधोपचार यांसारख्या बाबींतही अनुयायी परावलंबी होतात. भाकीत खोटे ठरले तरी दोष बहुधा श्रोत्यांच्या अपुऱ्या श्रद्धेवर ढकलला जातो, ही त्यांतील सर्वांत विपरीत गोष्ट होय. अमेरिकेच्या २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी अनेक संदेष्ट्यांनी केलेली भाकिते फसली. काहींनी क्षमा मागितली, काहींनी नाही. त्यानंतर २०२१ मध्ये चळवळीशी सहानुभूती असलेल्या नेत्यांनीच, जाहीर भाकीत चुकल्यास जाहीर जबाबदारी घ्यावी, असे निवेदन काढले. रोमन कॅथलिक पंथात प्रेषितांचे उत्तराधिकारी बिशप मानले जातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, ख्रिस्ताच्या पुनरागमनापूर्वी नवे सार्वत्रिक प्रकटीकरण होणार नाही, असे स्पष्ट केले.

महाराष्ट्रात या वादाशी सर्वांत जवळचा प्रसंग केडगाव (जि. पुणे) येथील मुक्ती सदनातील होय. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) या संस्थेत जून १९०५ मध्ये सामुदायिक प्रार्थनेतून जागृती झाली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत. पुढे अन्य भाषांत बोलणेही ऐकू आले. हा केवळ भावनांचा उद्रेक आहे, अशी टीका झाली. रमाबाईंनी भारतीयांना त्यांच्या प्रकृतीस अनुरूप अशा रीतीने भक्ती करू द्यावी, असे उत्तर दिले. त्याचबरोबर अन्य भाषांत बोलणे हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव व अनिवार्य लक्षण मानण्यास नकार दिला. दान स्वीकारून त्यावर सत्ता न उभारण्याचे हे उदाहरण उपरोक्त चळवळींच्या संदर्भात लक्षणीय आहे. आयुष्याची पुढील वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात वेचली.

मराठवाड्यात ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. परभणी जिल्ह्यात तर ती अत्यल्प आहे. तेथील कॅथलिक १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात, त्यामुळे एखाद्या साक्षात्काराच्या दाव्याची चौकशी बिशपकडे जाते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्येही बिशप व धर्मसभा आहेत. कोणत्याही संघटनेशी संलग्न नसलेल्या, घरोघर भरणाऱ्या प्रार्थनामंडळांना अशी वरिष्ठ यंत्रणा नसते. बाहेरगावाहून आलेला उपदेशक स्वतःस प्रेषित म्हणवू लागला, तर त्याची पारख सभासदांनाच हाती असलेल्या मराठी बायबलच्या आधारे करावी लागते.